परत मागितलेली साखळी

गेल्या महिन्यात पिपरी मेघ्यातल्या आमच्या शेजाऱ्याशी माझं भांडण झालं. भांडण म्हणजे मीच भांडले, तो बिचारा नुसता "हो काकू, हो काकू" करत होता. नवं घर, दारात नवी गाडी, आणि गाडीच्या बाजूला भर उन्हात दीड हात साखळीला बांधलेलं कुत्रं. सून म्हणाली, "आई, जाऊ द्या ना, आपल्याला काय करायचंय?" म्हटलं, तुला नसेल करायचं, मला करायचंय, मला डोमाजींनी सांगून ठेवलंय. तिनं विचारलं, "कोण डोमाजी?" डोमाजी कोण ते सांगू शकेल असं आता माझ्याशिवाय कुणी उरलंय की नाही, देव जाणे.

पन्नास सालानंतरची ती चार-पाच वर्षं. ह्यांची बदली देवळीच्या पुढच्या एका खेड्यात झाली होती, पोस्टमास्तर म्हणून. पोस्ट कसलं, आमच्याच घराची पुढची खोली. मागच्या अंगणात ह्यांनी एक कुत्रं आणून ठेवलं, बंडू नावाचं. हा बंडू मनीऑर्डर घ्यायला आलेल्या म्हाताऱ्यांच्या अंगावर असा जायचा, की त्या बाया दारातूनच परत फिरायच्या. मी नवीन लग्न झालेली, वर्ध्यात वाढलेली, नाकावर राग. रस्त्यापलीकडे लोहाराचं छप्पर होतं. पदर खोचला आणि तरातरा गेले.

"एक साखळी करून द्या," म्हटलं.

समोर एक उंच, वाळका माणूस ऐरणीवर काही ठोकत बसलेला. एक भुवई ठिणग्यांनी जळून गेलेली, त्यामुळे चेहऱ्याची एक बाजू सतत आश्चर्य करते आहे असं वाटायचं. वर न बघता म्हणाला, "कायले पाह्यजे जी?"

"कुत्र्याला."

"नाई."

"नाही म्हणजे काय? फुकट मागते आहे का मी?"

"फुकट मांगता म्हनून नाई म्हटलं का? बैलाची सांगा, झुल्याची सांगा, विहिरीच्या बादलीची सांगा. कुत्र्याची साखळी मी करत नाई."

भात्याजवळ त्यांची बायको बसली होती, जनाबाई. ठेंगणी, काळीसावळी, हसरी. ती म्हणाली, "नका लागू त्याइच्या नादी, बाई. माह्या गळ्यातली सोडा म्हनते मी तीस वर्सांपासून, थे नाई आयकत. कुत्र्याचं म्हटलं का लगेच पाझर फुटते."

मी घरी येऊन भांडी आदळली. पण संध्याकाळी बघते तर डोमाजी आमच्या अंगणात हजर, हातात गाठी मारलेली दोरी. माझ्याकडे बघितलं नाही, ह्यांच्याकडे बघितलं नाही. सरळ बंडूसमोर उकिडवे बसले आणि त्यालाच विचारलं, "कसं काय, बरं हाय ना?" ही त्यांची पद्धतच होती. कुठल्याही घरात गेले की आधी जनावराची विचारपूस, मग माणसांची. गावात लोक हसायचे त्याला. मग त्यांनी दोरीनं अंगण मोजलं आणि म्हणाले, "तीन बाजूनं भित हाय. एकच बाजू मोकळी. तुमाले साखळी नाई पाह्यजे बाई, फाटक पाह्यजे."

चौथ्या दिवशी फाटक बसलं. नुसतं बसवून गेले नाहीत. उन्हात बंडूला सावली कुठे मिळेल ते पाहिलं, पाण्याचं मडकं लवंडू नये म्हणून अर्धं जमिनीत पुरलं, रात्री ओसरीत झोपू द्या म्हणाले, आणि सकाळ-संध्याकाळ ह्यांनी त्याला नाल्यापर्यंत न्यायचं असं फर्मान काढलं. "अन् कुत्रं भुकते कायले? येनारा कोन हाय थे त्याले मालूम नाई म्हनून. वळख करून द्या." झालं! तेव्हापासून आमच्या पोस्टात येणाऱ्या प्रत्येकाला आधी बंडूला हात हुंगू द्यावा लागायचा. महिनाभरात ते बेणं इतकं शहाणं झालं, की म्हाताऱ्या बायांच्या पुढे पुढे शेपूट हलवत चालायचं. कपाळ माझं, मी काय काय बोलले होते त्या माणसाला.

जिथे भिंती नाहीत, त्या घरी डोमाजी दोन झाडांमध्ये तार ताणून द्यायचे. तारेत कडी, कडीला दोरी. कुत्र्याला वीस-पंचवीस हात पळता यायचं. दोरी झाडाला गुंडाळली जाऊन फास बसू नये म्हणून तारेला दोन्ही टोकांना, झाडाच्या अलीकडेच गाठ. पण ती तारही त्यांना मनातून पटायची नाही. "हे दवा नाई जी, नुसती पट्टी हाय," म्हणायचे. आठवड्यातून एकदा त्या सगळ्या तारा हाताने ओढून बघत गावातून फिरायचे.

बोलणं मोजकं. पण एखादं वाक्य असं टाकायचे, की दिवसभर डोक्यात राहायचं. एकदा पोस्टाच्या पायरीवर तंबाखू मळत ह्यांना म्हणाले, "मास्तर, कुत्र्याले कागद लिहिता येत असता, तर तुमची पेटी रोज भरून वाहली असती." हे हसले. हसण्यावर नेण्याची ह्यांना सवयच होती. म्हणाले, "काय लिहिलं असतं हो? बसून खायला मिळतं, प्यायला मिळतं. मला कुणी असं बांधून खायला घातलं तर मी उद्या नोकरी सोडेन."

"मंग बसा," डोमाजी म्हणाले. "एक दिस."

आमचे हे हट्टी. रविवारी सकाळी खरंच अंगणातल्या निंबाखाली बसले, पायाला बैलाचं दावं बांधून घेतलं, चार हात लांब. जवळ पाण्याचा लोटा, वर्तमानपत्र, उशी. चैत्राचे दिवस. आठ वाजता मजेत होते. नऊला गावातली पोरंसोरं बघायला जमली. दहाला वर्तमानपत्र वाचून संपलं. अकराच्या सुमारास निंबाची सावली हळूच भिंतीकडे निघून गेली आणि हे राहिले उन्हात. सरकायला गेले तर पाय लागून लोटा लवंडला आणि घरंगळत दाव्याच्या टप्प्याबाहेर जाऊन थांबला. मी पाणी घेऊन धावले. ओसरीत बसलेले डोमाजी म्हणाले, "नका देऊ, बाई. त्याले कोन देते?" साडेबाराला ह्यांनी निमूटपणे दाव्याची गाठ सोडली. चेहरा लालबुंद.

"तुमाले बोटं हायेत जी, म्हनून सुटले," डोमाजी उठत म्हणाले. "सावली सरकते, साखळी सरकत नाई. इतकंच सांगाचं व्हतं." आणि घरी निघून गेले. त्या दिवसापासून ह्यांनी बंडूला कधी 'अरे हट्' म्हटलं नाही.

हे सगळं डोमाजींच्या डोक्यात कुठून आलं, ते मला जनाबाईनं सांगितलं. आम्ही दोघी तिच्या दारात शेंगा फोडत बसलो होतो. ती म्हणाली, आधी हाच माणूस पंचक्रोशीत साखळ्या करायचा. बैलाच्या, कुत्र्याच्या, सगळ्या. 'डोमाजीची साखळी तुटत नाई' असं लोक म्हणायचे, आणि डोमाजींना त्याचा कोण अभिमान! इतर लोहार कडी नुसती वाकवून तोंड मिटवत. ते प्रत्येक कडीचं तोंड भट्टीत लाल करून जोडून टाकत. कुत्रं चामड्याचा पट्टा चावून तोडतं म्हणून गळ्यासाठीही लोखंडाचंच कडं, वरून चिंध्या गुंडाळलेलं.

मग एका उन्हाळ्यात शिवारातल्या एकाची कडब्याची गंजी पेटली. राखणीचं कुत्रं गंजीजवळच्या खुंट्याला बांधलेलं.

"दुसऱ्या दिवशी थो मानूस आला," जनाबाई म्हणाली, "हातात थे काळी पडलेली साखळी घेऊन. अन् काय म्हने? 'वा रे डोमाजी, काय तुहं काम! येवढी आग, कुत्र्यानं येवढी वढताण केली, पन एक कडी उलगडली नाई.' शाबासकी देऊन राह्यला व्हता, बाई. खरोखरची शाबासकी." ती शेंगा फोडायची थांबली. "दोन दिस यायनं तोंडात घास नाई घेतला. तिसऱ्या दिवशी उठले अन् म्हने, मी केल्या तेवढ्या वापस आनतो."

कुत्र्यांच्या अकरा होत्या. सगळ्या त्यांना पाठ होत्या, कुठल्या गावी, कुणाच्या दारी. कुणाला फाटक देऊन, कुणाला नांगराचा बोथट फाळ शेवटून, नवी धार काढून देऊन, कुणाच्या दारात नुसतंच जाऊन बसून त्यांनी दहा परत आणल्या. आणलेली साखळी भट्टीत घालायची आणि तिच्या बिजागऱ्या करायच्या. आमच्या फाटकाच्या बिजागऱ्या अशाच एका साखळीतल्या होत्या, हे मला तेव्हा कळलं.

अकरावी उरली होती. ती रामराव पाटलांच्या गोठ्यावर, शेरूच्या गळ्यात.

गोठा गावाबाहेर, देवळीच्या रस्त्याला लागून. रामराव वाईट माणूस नव्हते हो. बैलांना स्वतःच्या हाताने गूळ भरवणारा माणूस. पण एका वर्षी त्यांची एक उमदी जोडी गोठ्यातून चोरीला गेली, आणि त्या वेळी हा शेरू, तेव्हा कोवळा होता, गावात कुठेतरी हुंदडत होता. दुसऱ्याच दिवशी पाटलांनी डोमाजींकडून साखळी करून घेतली. तेव्हापासून, आठ वर्षं, शेरू एका खुंट्याला. खुंट्याभोवती फिरून फिरून त्यानं जमिनीवर गोल रिंगण पाडलं होतं. रिंगणाच्या बाहेर गवत, आत काडी उगवत नव्हती.

डोमाजी दर पंधरवड्याला जायचे. "पाटील, गोठ्याले बोराटीचं कुंपन घालून देतो, फाटक देतो. कुत्रं आत मोकळं राहीन, चारी बाजूनं राखीन. बांधलेलं कुत्रं निस्तं भुकते, चोराले अडवत नाई."

"माह्यी जोडी गेली तेव्हा तू व्हता का राखाले?" पाटील म्हणायचे. "जाय डोमा, आपलं काम कर."

असं दोन वर्षं चाललं. मधल्या काळात डोमाजींना खोकला लागला. भट्टीचा धूर, दुसरं काय. घण उचलला की धाप लागायची. जनाबाई घण मारायची आणि ते सांडशी धरायचे. एकदा मला म्हणाले, "बाई, थे येक राह्यली. थे तशीच ठेवून मी गेलो तर मंग या धाचा काय उपेग?" मी आपलं काहीतरी समजुतीचं बोलले. लोक बोलतात तसं, पोकळ.

मग त्या माघातली गोष्ट. रामरावांच्या खळ्यावर ज्वारीची रास पडली होती. आमच्याकडे रीत अशी, की रास घरी न्यायच्या आधी लोहार-सुताराचं बलुतं सुपानं मोजून घालायचं. तो वाटा खळ्यावरून रिकाम्या हाती परत गेला तर त्या धान्याला बरकत राहत नाही, असं लोक मानत. म्हणून बलुतेदार उठल्याशिवाय रास हलवायची नाही. जनाबाई धापा टाकत माझ्याकडे आली. "बाई, चला वो. थे येडे झाले. पाटील सूप भरून उभे हायेत अन् हे धोतराचा सोगा पसरून नाई राह्यले. आमी वर्सभर खाचं काय?"

आम्ही गेलो. डोमाजी राशीजवळ मांडी घालून बसलेले, सोगा मांडीखाली दाबून. पाटील भरलेलं सूप घेऊन उभे.

"घे म्हनतो ना!"

"ज्वारी नको पाटील. औंदा साखळी घाला."

"लोकांत माह्यी इज्जत काढून राह्यला का बे?"

"तुमची नाई जी. माह्यीच काढून राह्यलो. थे साखळी माह्यी हाय."

त्या दिवशी रास हलली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. माणूस खळ्यावरच बसून, खोकत. जनाबाई भाकरी घेऊन गेली ती तशीच परत आणली. दुसऱ्या दिवशी दुपारी वर्ध्याकडून काळं आभाळ चढायला लागलं. माघातलं आभाळ म्हणजे गारा. उघडी रास, आणि वर्षाची मेहनत. गडी पाटलांच्या तोंडाकडे बघत उभे. मला तर वाटत होतं, पाटील आता डोमाजींना लाथ मारून बाजूला करतील, पण रीत ती रीत. शेवटी त्यांनी सूप खाली टाकलं आणि ओरडले, "घेऊन जाय तुही साखळी! ने!"

गडी राशीला लागले आणि आम्ही बाकी सगळे गोठ्यावर गेलो. शेरू उभा राहून गुरगुरत होता. गळ्यातलं कडं काढायला तोंडच नव्हतं, डोमाजींनीच ते जोडून टाकलं होतं. ते त्याच्यासमोर उकिडवे बसले, "कसं काय, बरं हाय ना?" म्हणाले, आणि तो गप्प होईपर्यंत तसेच बसून राहिले. मग एका हाताने त्याची मान धरून दुसऱ्या हाताने कानस चालवायला लागले. पातळ कडं, पण अर्धा तास गेला असेल. घामानं निथळत होते, मध्येच खोकला आला की थांबायचे. कुणीतरी म्हणालं, "द्या डोमाजी, मी करतो." मानेनंच नाही म्हणाले. कानस घासता घासता स्वतःशीच पुटपुटत होते, "काऊन येवढं पक्कं केलं रे बापा, काऊन येवढं पक्कं केलं."

कडं तुटलं. चिंध्यांखाली गळ्याभोवती केसच नव्हते, नुसती काळी कातडी. साखळी खाली पडली. आम्ही सगळे मागे सरकलो. आता हा सुसाट पळणार.

शेरू उठला. अंग झाडलं. चालत चालत रिंगणाच्या कडेला आला आणि थांबला. अगदी गवताच्या काठाशी. मग वळून त्याच गोलातून चालायला लागला. एक फेरी, दोन फेऱ्या. रामराव पाटील हलक्या आवाजात म्हणाले, "जाय ना बे." तो नाही गेला. पाटलांनी तोंड फिरवलं. मला पदर डोळ्याला लावावा लागला, आणि जनाबाई तर मोठ्यानं रडायलाच लागली. गारा पडल्या नाहीत त्या दिवशी. संध्याकाळी आभाळ तसंच निघून गेलं आणि पाटलांनी डोमाजींच्या घरी दुप्पट ज्वारी पोचवली.

डोमाजींनी कबूल केल्याप्रमाणे कुंपण घातलं, फाटक लावलं. त्या साखळीच्या बिजागऱ्या मात्र केल्या नाहीत. ती नाल्याच्या डोहात टाकून आले. मग रोज दुपारी काम टाकून गोठ्यावर जाऊन बसायचे, भाकरी घेऊन. रिंगणाबाहेर चार बोटांवर भाकरीचा तुकडा ठेवायचा आणि हाका मारायच्या. चार बोटांवरची भाकरी शेरूनं मान लांबवून घेतली. एक वीत झाली तेव्हा पुढचे दोन पाय गवतात टाकले. महिनाभरात एक हात. मी ह्यांना रोज खबर द्यायचे, आज इतकं झालं, आज इतकं. मग एके दिवशी रस्त्यावरून लग्नाची वरात वाजतगाजत गेली आणि शेरू जो खुंट्याशी जाऊन बसला, तो पुन्हा काठापर्यंतही येईना. सगळं पहिल्यापासून.

"लोखंड तोडलं मी, बाई," डोमाजी मला म्हणाले. "हे नाई तुटून राह्यलं." आणि एवढं बोलायलाही त्यांना दोनदा थांबावं लागलं.

वैशाखात ह्यांची बदली आष्टीला झाली. निरोप घ्यायला लोहाराच्या दारात गेलो तर एकटी जनाबाई. "थे तठीच असतीन," म्हणाली, आणि माझ्या हातात शेंगांची पुरचुंडी ठेवली. पुढं पावसाळ्यात तिचं पत्र आलं, शाळेच्या गुरुजींकडून लिहवून घेतलेलं. डोमाजी गेले. खोकल्यातच गेले. पत्रात शेरूबद्दल काही नव्हतं, आणि मीही कधी विचारलं नाही. धीरच झाला नाही, खरं सांगते.

पण आम्ही गाव सोडलं त्या दिवशी मोटार गोठ्यावरून गेली तेव्हा मी त्यांना पाहिलं. मी मुद्दाम त्या बाजूच्या खिडकीशी बसले होते, बंडू माझ्या पायाशी. भर दुपार. डोमाजी नेहमीच्या जागी, रिंगणाबाहेर, भाकरी घेऊन बसलेले असतील असं वाटलं होतं. तिथं कुणी नव्हतं. गवतात नुसता भाकरीचा तुकडा पडलेला, त्यावर कावळा. ते आत जाऊन बसले होते, त्या उजाड गोलाच्या मधोमध, खुंट्याला पाठ टेकून, डोक्यावर उपरणं घेऊन. शेरूचं तोंड त्यांच्या मांडीवर होतं आणि ते त्याचा गळा चोळत होते. मी हाक मारायला तोंड उघडलं, पण मारली नाही. समोर फाटक सताड उघडं होतं आणि दोघांपैकी कुणीच तिकडे बघत नव्हतं.